दोन अध्यापक आणि आयरिसची बाग

संग्रह करण्याची आवड मनुष्याच्या ठिकाणीं उपजतच असावी. लहान मुलें शिंपले आणि काड्यापेट्यांवरील चित्रें जमवितात. मोठीं माणसें नाणीं, तिकिटें, जुनीं पुस्तकें किंवा हस्तलिखितें जमवितात. ह्या सर्व संग्रहांचा एक समान गुण असा कीं, हातीं आलेली वस्तु कपाटांत ठेवून कुलूप लावलें म्हणजे ती जशीच्या तशी तेथें राहते. शिवकालीन होन पेटींत ठेवला म्हणून तो वाळत नाहीं, आणि शेजारच्या होनाची जागाही बळकावीत नाहीं. जिवंत झाडांचा संग्रह करणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या संग्रहांतील प्रत्येक वस्तु खाते, पिते, वाढते, आजारी पडते आणि मरते. मालकानें चार महिने पाठ फिरविली तर संग्रहाचें रान होतें. अशा संग्रहांत आनंद तो कोणता, आणि त्याची मर्यादा कोठें येते? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु इंग्लंडांतील दोन अध्यापकांनीं एका फुलापायीं आपला फावला वेळ कसा वेचला, हा सुमारें पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचें मोल ध्यानांत येतें.

तें फूल म्हणजे आयरिस. ग्रीक पुराणांत इंद्रधनुष्याच्या देवतेचें हें नांव आहे, आणि फुलांच्या रंगांची विविधता पाहिली म्हणजे तें यथार्थ वाटतें. आपल्या दक्षिणेच्या पठारावर हें झाड रानांत उगवत नाहीं, म्हणून मराठींत त्याला रूढ नांव नाहीं. परंतु ज्यांनीं वेखंडाचें झाड पाहिलें आहे त्यांस त्याच्या पानांची कल्पना चटकन येईल. तींच तरवारीसारखीं उभीं, चपटीं पानें, आणि तसेंच जमिनीलगत आडवें पसरणारें गांठाळ खोड. हें साम्य इतकें जवळचें आहे कीं, युरोपांतील पाणथळ जागीं वाढणाऱ्या पिवळ्या आयरिसच्या लॅटिन नांवाचा अर्थच मुळीं ‘खोटें वेखंड’ असा आहे. फुलाची रचना मात्र सर्वस्वीं स्वतंत्र. तीन पाकळ्या कमानीप्रमाणें वर उभ्या राहतात, तीन खालीं झुकतात. पुष्कळ जातींत ह्या झुकलेल्या पाकळीवर मऊ केंसांचा एक पट्टा असतो, त्यास बागवान ‘दाढी’ म्हणतात. मधमाशी त्या पट्ट्यावरून आंत शिरते आणि जातां जातां पाठीवर पराग घेऊन जाते.

आयरिसच्या सुमारें तीनशें जाती आज ठाऊक आहेत, आणि त्या सर्व उत्तर गोलार्धांतल्या. कोणी सैबेरियाच्या कुरणांत, कोणी जपानांत, कोणी लुईझियानाच्या दलदलींत, कोणी अल्जीरियाच्या खडकाळ भूमींत, तर कोणी इराणच्या रखरखीत डोंगरांवर. काश्मिरांत वसंत ऋतूंत जाऊन आलेल्यांनीं तेथील कबरस्तानांतून पांढऱ्या आणि जांभळ्या आयरिसचे ताटवे पाहिलेच असतील. कित्येक जातींस आल्या-हळदीप्रमाणें गड्डा असतो, तर कित्येकींस लसणीप्रमाणें कांदा. एकीला पायाशीं पाणी हवें, तर दुसरीला उन्हाळ्यांत पाण्याचा थेंबही सोसत नाहीं. अशा ह्या परस्परविरुद्ध स्वभावाच्या कुटुंबाला एका घराच्या अंगणांत नांदविण्याची हौस धरणें म्हणजे किती मोठें धाडस, हें निराळें सांगावयास नको.

तें धाडस ज्यांनीं केलें त्यांतील पहिले अध्यापक म्हणजे सर मायकेल फॉस्टर. ह्यांचा जन्म १८३६ सालीं हंटिंग्डन येथें एका शल्यवैद्याच्या घरीं झाला. शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासांत हें नांव मोठें आहे. १८७० मध्यें ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत शिकवावयास आले. १८८३ मध्यें त्या विद्यापीठांतील ह्या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले आणि वीस वर्षें त्या पदावर राहिले. १८७८ मध्यें त्यांनीं सुरू केलेलें ह्या शास्त्राचें नियतकालिक आजही चालू आहे. गॅस्केल, लँग्ली, शेरिंग्टन हे त्यांच्या शाळेंत तयार झालेले संशोधक. रॉयल सोसायटीचें चिटणीसपद त्यांनीं १८८१ पासून १९०३ पर्यंत सांभाळलें, आणि १९०० मध्यें ते लंडन विद्यापीठाच्या वतीनें पार्लमेंटांतही निवडून गेले. इतक्या व्यापांतून ज्याला फुलें लावण्यास सवड सांपडली, त्याच्यापुढें ‘वेळ नाहीं’ ही सबब सांगण्याची सोय आपल्यासारख्यांस उरत नाहीं.

केंब्रिजच्या दक्षिणेस ग्रेट शेलफर्ड नांवाचें खेडें आहे. तेथें खडूच्या टेकडीच्या उतारावर फॉस्टर ह्यांचें घर होतें, आणि जवळच्या झऱ्यांवरून त्याला ‘नाइन वेल्स’, म्हणजे नऊ झरे, असें नांव होतें. जमीन चुनखडीची आणि निचऱ्याची. आयरिसला, विशेषतः दाढीवाल्या आयरिसला, असली जमीन मानवते. फॉस्टर ह्यांनीं येथें आपले वाफे घातले आणि पत्रव्यवहाराचें जाळें आशियाभर पसरलें. आशिया मायनरांतील मिशनरी, सरहद्दीवरील अंमलदार, वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रवासी, ज्याला ज्याला म्हणून आयरिसच्या मुलुखांत जाण्याचा योग येई, त्याच्याकडे त्यांची मागणी जात असे. तुर्कस्तानांत खारपूत येथें असलेल्या एका अमेरिकन मिशनऱ्याच्या पत्नी, बार्नमबाई, ह्यांचें नांव एका जातीस मिळालें तें ह्याच परिपाठांतून. कुलूच्या खोऱ्यांतून गेलेल्या बियांपासून वाढलेल्या एका जातीचें वर्णन त्यांनीं १८८३ मध्यें प्रसिद्ध केलें आणि तिला फ्रँक माइल्स ह्या चित्रकाराचें नांव दिलें. पश्चिम हिमालयांतील दुसऱ्या एका जातीस त्यांनीं हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव दिलें. अशा रीतीनें आपल्या हिमालयांतील फुलांची शास्त्रीय ओळख केंब्रिजजवळच्या एका परसांत पक्की झाली.

ह्या छंदांतील आनंदाचें स्वरूप येथें थोडें उलगडून पाहूं. टपालानें एक डबी येते. तींत सुंठेच्या कुडीसारखा दिसणारा, सुरकुतलेला एक तुकडा असतो. तो कोणत्या रंगाचें फूल देईल, जगेल तरी कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. तो मातींत घालावा, आणि एक वर्ष, दोन वर्षें वाट पाहावी. मग एका सकाळीं कळी उलगडते आणि त्या देशांत पूर्वीं कोणीही जिवंत न पाहिलेलें फूल समोर उभें राहतें. तें दोनतीन दिवसांत कोमेजतें. परंतु त्या दोनतीन दिवसांसाठीं केलेली प्रतीक्षा हाच आनंदाचा मोठा भाग असतो. शिवाय जाती पुरेशा जमल्या म्हणजे भर हिंवाळ्यांत फुलणाऱ्या अल्जीरियाच्या आयरिसपासून तों जून महिन्यांतील उंच दाढीवाल्यांपर्यंत एकामागून एक पाळी चालू राहते, आणि वर्षाचा पुष्कळसा भाग फुलांच्या हिशेबानें मोजतां येतो.

आणखी एक आनंद ह्या झाडाच्या स्वभावांतच आहे. दाढीवाल्या आयरिसचा गड्डा दर तीनचार वर्षांनीं उकरून फोडावा लागतो. न फोडला तर मधला भाग जून होतो, गर्दी वाढते आणि फूल येईनासें होतें. फोडल्यावर एकाचे दहा होतात, आणि दहांनाही जागा देण्याइतकी बाग कोणाचीच मोठी नसते. म्हणजे मालक कितीही कृपण असला तरी झाडच त्याला दान करावयास लावतें. नाण्यांच्या संग्राहकास दुसऱ्यास कांहीं दिलें म्हणजे स्वतःचें उणें झालें असें वाटतें. आयरिसच्या संग्राहकास न दिलें तर उणें होतें.

आतां मर्यादांकडे वळूं. पहिली मर्यादा हवापाण्याची. सीरिया, पॅलेस्टाइन, इराण आणि कॉकेशस ह्या भागांत ऑन्कोसायक्लस नांवाचा आयरिसचा एक गट होतो. ह्यांचीं फुलें मोठीं, भारदस्त, जाळीदार शिरांचीं. कांहीं तर शोकवस्त्रासारखीं काळसर. ज्यानें हीं एकदां पाहिलीं त्याला इतर आयरिस फिकीं वाटूं लागतात. परंतु त्यांच्या मायदेशीं पाऊस पडतो तो हिंवाळ्यांत आणि वसंतांत. उन्हाळा कडकडीत कोरडा जातो, आणि त्या काळांत तीं जमिनींत निजून असतात. इंग्लंडच्या पावसास ऋतूचा विधिनिषेध नाहीं. उन्हाळ्यांतील सरींनीं गड्डा अवेळीं जागा होतो, कोंवळा कोंब पुढें थंडींत सांपडतो, नाहींतर ओलीनें कुजतो. फॉस्टर ह्यांनीं ह्या वाफ्यांवर उन्हाळ्यांत कांचेचीं झांकणें घालून पाऊस अडविण्याची युक्ति केली. कांहीं फुलेंही मिळालीं. परंतु दाढीवाल्या आयरिसप्रमाणें हीं फुलें तेथें कधीं घर करून राहिलीं नाहींत. इंग्लंडच्या उघड्या बागेंत तीं आजही पाहुणींच राहतात. मनुष्य मातींत खडी मिसळूं शकतो, वाफा उंच करूं शकतो, छप्पर घालूं शकतो. पण यॉर्डन नदीचा उन्हाळा डबींत घालून मागवितां येत नाहीं.

दुसरी मर्यादा ज्ञानाची. १८८५ च्या सुमारास आशिया मायनरांतील अमास्या येथून फॉस्टर ह्यांस एक आयरिस मिळालें. त्याचें फूल तोंवर युरोपांत रूढ असलेल्या दाढीवाल्यांहून पुष्कळच मोठें होतें. सायप्रस आणि जवळच्या प्रदेशांतूनही अशीच मोठ्या फुलांचीं झाडें त्यांजकडे आलीं. ह्यांचा संकर जुन्या युरोपीय जातींशीं करावा, म्हणजे त्यांचे नाजूक रंग आणि ह्यांचा आकार एकत्र येईल, हा विचार स्वाभाविक होता, आणि फॉस्टर ह्यांनीं तो अंमलांत आणला. परंतु बीज फार थोडें धरे, आणि त्यांतून वाढलेलीं कित्येक रोपें स्वतः वांझ निघत. असें कां व्हावें, हें त्या काळीं उलगडण्यासारखें नव्हतें. उलगडा झाला तो १९२० नंतरच्या दशकांत, जेव्हां फ्रान्समध्यें सिमोने आणि इतरत्र अन्य संशोधक ह्यांनीं आयरिसच्या पेशींतील गुणसूत्रें मोजलीं. जुन्या युरोपीय जातींत तीं २४ होतीं. आशिया मायनरकडून आलेल्या थोर फुलांत ४८, म्हणजे बरोबर दुप्पट. दोहोंच्या संततींत सामान्यतः ३६ येतात, आणि असें विषम ओझें घेऊन बीज नीट तयार होत नाहीं. मधूनच एखादें रोप ४८ घेऊन जन्मास येई, आणि आज जगभर बागांतून दिसणारीं मोठमोठीं दाढीवालीं आयरिस बहुतांशीं त्याच वंशाचीं आहेत. शरीराच्या सूक्ष्म क्रिया शिकविण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांच्याच वाफ्यांत हें रहस्य वीस वर्षें उभें होतें, आणि केवळ डोळा व कुंचला ह्यांना तें दिसणें शक्य नव्हतें. ह्यांत फॉस्टर ह्यांचा कमीपणा नाहीं. त्यांनीं झाडें जमविलीं, संकर केले आणि पुढच्या पिढीस मोजण्यासारखें कांहीं ठेवलें, हेंच पुष्कळ झालें.

२८ जानेवारी १९०७ रोजीं फॉस्टर लंडनमध्यें अकस्मात् निधन पावले. कांद्याच्या आयरिसवर त्यांचें एक छोटें पुस्तक १८९२ मध्यें निघालें होतें. परंतु सबंध कुळावरील थोर ग्रंथ मनांतच राहिला. मागें उरल्या त्या टिपणवह्या. कोणतें झाड कोठून आलें, केव्हां फुललें, कोणत्या दोन झाडांचा संकर केला आणि त्याचें काय झालें, अशा नोंदींनीं भरलेल्या. ह्या नोंदी ज्या दुसऱ्या अध्यापकास उपयोगी पडल्या, त्यांचें नांव विल्यम रिकेटसन डाइक्स.

डाइक्स ह्यांचा जन्म १८७७ चा. ऑक्सफर्डला त्यांचें शिक्षण झालें आणि १९०३ पासून गॉडलमिंगच्या चार्टरहाउस शाळेंत ते मास्तर होते. म्हणजे वनस्पतिशास्त्र हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हता. शाळेचे तास संपल्यावर ते बागेंत जात आणि सुटींत वनस्पतिसंग्रहालयें धुंडाळीत. संग्रहालयांतील वाळविलेल्या आयरिसनें त्यांचें समाधान होईना. कारण हें फूल कागदांत दाबलें म्हणजे त्याचा रंग उडतो, पाकळ्या एकमेकींस चिकटतात, आणि ज्या खुणांवरून जात ओळखावी त्याच नाहींशा होतात. उलट बागवानांच्या यादींतील नांवेंही विश्वसनीय नव्हतीं. तेव्हां त्यांनीं मार्ग काढला तो असा कीं, मूळ रानांतील बीं मागवावें, स्वतः पेरावें, आणि एकाच जातीचीं अनेक रोपें शेजारीं शेजारीं वाढवून त्यांच्यांत फरक कोठपर्यंत पडतो तें डोळ्यांनीं पाहावें.

ह्या पद्धतीचें फळ मोठें मिळालें. लिनीअसच्या काळापासून स्वतंत्र जाती म्हणून ग्रंथांत नांदत आलेलीं कांहीं दाढीवालीं आयरिस ह्या खऱ्या जाती नसून, फिक्या जांभळ्या आणि पिवळ्या-तपकिरी अशा दोन रानजातींच्या संकरांतून निपजलेलीं बागेचीं लेंकरें आहेत, हें त्यांनीं दाखवून दिलें. अशा झाडांचें बीं पेरलें तर रोपें आईसारखीं न येतां आजोबा-पणजोबांकडे धांवतात, हा पुरावा कोणत्याही वाळक्या नमुन्यांत सांपडला नसता. दीडशें वर्षांचा पंडितांचा समज एका शाळामास्तराच्या वाफ्यानें दुरुस्त करावा, ह्याहून संग्राहकाला मोठें सुख तें कोणतें? १९१३ मध्यें केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यांतून त्यांचा ‘द जीनस आयरिस’ हा भव्य ग्रंथ बाहेर पडला. त्यांत ४८ रंगीत पृष्ठें आहेत; तीं जवळजवळ सर्व चित्रें फ्रँक राउंड ह्यांनीं काढलीं. जाती आणि नांवें ह्यांविषयींचीं त्यांचीं कांहीं मतें आज बदललीं आहेत, तरी आयरिसचा अभ्यासक हा ग्रंथ अद्याप बाजूस सारूं शकत नाहीं.

तिसरी मर्यादा काळाची, आणि ती सर्वांत निष्ठुर. फॉस्टर ह्यांच्या स्नेही मिस एलेन विल्मॉट ह्यांची एसेक्समधील वॉर्ली प्लेस येथील बाग त्या काळीं विख्यात होती. पैसा अलोट, माळ्यांची फौज पदरीं, आणि आयरिसच्या दोन जातींस, एकीला त्यांचें व दुसरीला त्यांच्या बागेचें, नांव खुद्द फॉस्टर ह्यांनीं दिलेलें. हौसेला विवेकाचा बांध राहिला नाहीं. द्रव्य आटलें, आणि १९३४ मध्यें बाई वारल्या तेव्हां वैभव ओसरून गेलें होतें. १९३९ मध्यें घर पाडलें गेलें, आणि आज तेथें वन्य जीवांसाठीं राखलेलें रान आहे. डाइक्स ह्यांची गोष्ट निराळी, पण शेवट तितकाच अवचित. १९२० मध्यें ते रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे चिटणीस झाले, आणि १९२५ च्या डिसेंबरांत मोटारीच्या अपघातामुळें वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं गेले. त्यांच्या रोपांतून एक मोठें पिवळें फूल पुढें आलें. दाढीवाल्या आयरिसांत एवढें मोठें पिवळें फूल तोंवर दुर्मिळ होतें. त्यांच्या पत्नीनें १९२६ मध्यें तें पतीच्या नांवानें लोकांपुढें ठेवलें. ज्यानें बीं लावलें त्याला त्या फुलाचा कौतुकसोहळा पाहावयास मिळाला नाहीं. रोप फुलावयास दोनतीन वर्षें, आणि त्याची पारख व्हावयास आणखी तितकींच लागतात. ह्या छंदांत प्रत्येक पेरणी ही आयुष्यावर काढलेली हुंडी असते, आणि ती वटेलच असें नाहीं.

चौथी मर्यादा ह्या दोघांच्या काळीं फारशी कोणाच्या मनांत आली नव्हती. आज ती टाळतां येत नाहीं. डबींतून आलेला प्रत्येक तुकडा कोणत्या तरी टेकडीवरून उपटलेला असतो. एका फॉस्टरनें चार गड्डे मागविल्यानें रान ओसाड होत नाहीं. परंतु हौस फैलावली, तिचा व्यापार झाला, आणि त्याच टेकड्यांवर नांगर व वस्तीही चढली, म्हणजे थोड्याशा जागेंत राहणाऱ्या जातींचा ठाव सुटतो. म्हणूनच इस्रायलमध्यें रानांतील आयरिस तोडण्यास वा उपटण्यास आज कायद्यानें बंदी आहे. उलट बाजूही आहे. शोकवस्त्रासारखें काळसर असें जें सूझियाना आयरिस सोळाव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेनें युरोपांत आलें, तें मूळ रानांत आज कोठें निश्चितपणें आढळत नाहीं. बागांतून मात्र टिकून आहे. म्हणजे बाग लुटारूही होऊं शकते आणि धर्मशाळाही. कोणती व्हावयाचें हें मालकाच्या संयमावर अवलंबून आहे. रानांतून गड्डा न उपटतां चार बिया घेऊन त्यांवर समाधान मानणें, हा डाइक्स ह्यांनीं अभ्यासासाठीं स्वीकारलेला मार्ग आज नीतीच्या दृष्टीनेंही योग्य ठरतो.

ह्या सर्व मर्यादा एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. आयरिसचें सबंध कुळ एका अंगणांत जमविण्याचा हेतु फॉस्टर ह्यांचा सफळ झाला नाहीं, डाइक्स ह्यांचा झाला नाहीं, आणि कोणाचाच होणार नाहीं. तरीही त्यांची मेहनत वायां गेली असें म्हणवत नाहीं. कारण त्यांनीं दोन गोष्टी नेमानें केल्या. एक, जें पाहिलें तें तारीखवार लिहून ठेवलें. आणि दुसरी, जें वाढलें तें वांटून टाकलें. फॉस्टर ह्यांची बाग मोडली, पण वह्या डाइक्स ह्यांच्या ग्रंथांत उतरल्या आणि झाडें शेंकडों बागांत पसरलीं. अमेरिकेंत १९२० मध्यें आणि इंग्लंडांत १९२२ मध्यें आयरिसच्या हौशी मंडळींच्या संस्था निघाल्या, आणि १९२७ पासून उत्तम नव्या आयरिसला डाइक्स ह्यांच्या नांवाचें पदक दिलें जाऊं लागलें. विल्मॉटबाईंजवळ द्रव्य त्या दोघांहून कितीतरी अधिक होतें. परंतु द्रव्यानें उभी केलेली बाग द्रव्याबरोबर गेली.

आपल्याकडेही घरोघर कोणी ना कोणी संग्राहक असतो. कोणाकडे गुलाबाचीं कलमें, कोणाकडे आंब्याच्या जाती, कोणाकडे पोथ्या. तो असेपर्यंत घरांतील मंडळी त्याला थोडीफार हंसतात, आणि तो गेल्यावर कशाचें काय तें कोणालाच ठाऊक नसतें. कुंड्या रिकाम्या होतात आणि पोथ्या रद्दींत जातात. त्याच्या हौसेंत उणीव नसते. उणी असते ती एक वही. झाडाच्या खुंटीवरील पाटी पावसांत पुसून जाते, म्हणून तिच्यावरील मजकूर वहींतही असावा, आणि त्या वहींत झाड कोठून आलें ह्याबरोबर त्याचा फुटवा कोणाकोणाकडे दिला हेंही लिहिलेलें असावें. पुढें कधीं आपला वाफा ओस पडला, तरी झाड कोणाच्या अंगणांत शोधावें हें त्यावरून मागच्यांस कळेल.